तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांच्या हाती का दिलंत?

"अहो, ही शाळकरी पोरं. एवढी जबाबदारी यांच्यावर कशी टाकता?" शेजारच्या वहिनींनी विचारलं, औषधाच्या दुकानदारानं विचारलं, माझ्या लेकाच्या ऑफिसातल्या मित्रांनीही विचारलं. दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

आधी ही पोरं करतात काय ते ऐका. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत. आज सगळ्या भारतात मिळून आम्ही ज्यू जेमतेम पाच हजार उरलो असू. बाकीचे इस्राएलला गेले, अश्दोद, दिमोना, बेरशेबा असे विखुरले. मागे जी राहिली त्यांत एकटी म्हातारी माणसं पुष्कळ. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा आमचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत, आमच्या सिनेगॉगमधली, म्हणजे प्रार्थनाघरातली, सात-आठ मुलं त्यांच्या घरी जातात. सोबत डबा असतो, किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीच्या आशीर्वादासाठी, मनुकांच्या शरबताची बाटली असते. तिथे औषधं संपलीत का बघायचं, विजेचं बिल भरायचं, मुलीला व्हिडिओ कॉल लावून द्यायचा, आणि मग जरा बसायचं. कुणी कुणाकडे जायचं, पैसे किती जमले, कुठे गेले, हे सगळं मुलंच ठरवतात आणि वहीत लिहितात. आम्ही मोठी माणसं फक्त स्वयंपाक करतो.

आता का, ते.

आमच्यात मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याचं बार मिट्झ्वा होतं. त्याचा साधा अर्थ असा, की आजपासून धर्माज्ञा तुला लागू. त्या दिवशी तो तेबावर, म्हणजे सिनेगॉगमधल्या वाचनाच्या ओट्यावर, उभा राहून तोरा हा आमचा धर्मग्रंथ वाचतो, आई डोळे पुसते, वरून गोळ्या-चॉकलेटं उधळली जातात. पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. तेरा वर्षांचा मुलगा त्या दहांत पूर्ण धरला जातो. सत्तरीच्या आजोबांइतकाच.

जिथे शेकडो माणसं येतात तिथे हा नुसता नियम. आमच्यासारख्या ओसरत्या वस्तीत तसं नाही. माझ्या वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनाला कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचं होतं. कद्दीश मिन्यानशिवाय म्हणता येत नाही. नऊ जण जमले. अर्धा तास गेला, पाऊण गेला. प्रार्थना चालवणारे हझान घड्याळाकडे बघत होते, आई माझ्याकडे. शेवटी कुणीतरी धावत जाऊन एका पोराला क्लासमधून उठवून आणलं. शाळेच्या गणवेशातच आला, शर्टाच्या खिशावर शाईचा डाग, धापा टाकत. डोक्यावर टोपी ठेवली, भिंतीशी उभा राहिला, आणि हझाननी सुरुवात केली. तो नसता तर माझ्या वडिलांसाठी त्या दिवशी कद्दीश झालं नसतं. हे त्यालाही कळलं. जाताना माझ्या आईनं त्याचे दोन्ही हात धरले, तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला होता.

मग मला सांगा, देवासमोर ज्याला आपण पुरता माणूस म्हणून मोजतो, त्याला माणसांच्या कामात "तू अजून लहान आहेस" कुठल्या तोंडानं म्हणायचं?

यात एक गोष्ट मला बोचते, तीही सांगते. आमच्याकडे मिन्यानमध्ये मुली मोजत नाहीत. आणि या कामाची सगळी सूत्रं आज एका चौदा वर्षांच्या मुलीकडे आहेत. वही तिची, याद्या तिच्या. कुठल्या आजींना साखर चालत नाही, कुठल्या आजोबांची बेल बिघडलीये, हे तिला तोंडपाठ. तिला दहांत धरत नाहीत याचं मला वाईट वाटतं, आणि मी ते आमच्या मंडळींसमोर बोलूनही दाखवलंय.

पोरं चुकतात का? चुकतात. पहिल्याच महिन्यात मुलांनी डबे देतानाचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. पुढच्या शुक्रवारी एका आजोबांनी दारच उघडलं नाही. आतून म्हणाले, "मला भूक नाही." काय झालं ते आमच्या त्या चौदा वर्षांच्या मुलीला लगेच समजलं. रविवारी मी मुलांना हिब्रू शिकवते, तिथे तिनं विषय काढला. मी त्यांना आमचे थोर धर्मपंडित रंबम यांनी बाराव्या शतकात सांगितलेल्या दानाच्या आठ पायऱ्या वाचून दाखवल्या. त्यातल्या फार वरच्या एका पायरीवर देणाऱ्याला घेणारा माहीत नसतो आणि घेणाऱ्याला देणारा. सगळ्यांत वरची म्हणजे, माणसाला पुन्हा मागावं लागू नये असं त्याला उभं करणं. दानासाठीचा आमचा त्झेदाका हा शब्दही न्याय या अर्थाच्या धातूवरून आलाय. मुलांनी ग्रुपवरचे फोटो पुसून टाकले. नियम मी नाही केला, त्यांनीच केला: पैसे कुणी दिले ते सांगायचं नाही, आणि डबा पोचवायला नव्हे, गप्पा मारायला जायचं. डबा आपोआप जातो.

"फक्त तुमच्याच लोकांसाठी का?" असंही कुणी विचारतं. नाही. योम किप्पूर म्हणजे आमचा प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस; त्याच्या दुसऱ्या दिवसाला आमची जुनी माणसं शिळा सण म्हणत. त्या दिवशी गोरगरिबांना वाटायचं आणि एकमेकांकडे जायचं, अशी रीत होती. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत आमच्या मुलांसाठी शाळा काढली. आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं ज्यू नाहीत, आणि त्याचा मला अभिमानच वाटतो. आमच्या पोरांच्या यादीतही दोन आजी मराठा आहेत, एक चाचा मुसलमान. शेजारच्या खोलीत एकटं कुणी असलं तर धर्म विचारून पुढे कसं जाणार?

त्या दार न उघडणाऱ्या आजोबांकडे मुलं जातच राहिली. तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी त्यांनी दार उघडलं. दोन महिन्यांनी मीही एकदा बरोबर गेले होते. गुडघ्यांमुळे वर्षभर ते जिना उतरले नव्हते. पंधरा वर्षांचा एक मुलगा त्यांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरत होता. आजोबांनी सहज विचारलं, "आज प्रार्थनेला किती जण येणार?"

"आठ," तो मान वर न करता म्हणाला, "मला धरून नऊ."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग पलंगाच्या कडेला हात टेकून म्हणाले, "त्या कपाटात वरच्या फळीवर माझी टोपी असेल. बघ जरा."