नवं सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात फोंड्याच्या आसपासचे गाणारे-वाजवणारे मला हमखास विचारतात, "रेकॉर्डिंगसाठी नवीन काय आलंय? कुठलं घेऊ?" बऱ्याच घरांत आता माइक आहे, लॅपटॉप आहे, आणि घरच्या आरत्या एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवाव्यात अशी हौसही आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: त्यात किती वाद्यांचे आवाज भरलेत हे मी बघत नाही. गाणाऱ्याच्या लयीत आणि सुरात ते किती लुडबूड करतं, तेवढंच बघतो.

यातली बहुतेक सॉफ्टवेअर उघडताक्षणी १२०चा टेम्पो आणि चार-चार मात्रांच्या चौकटी मांडून बसतात. घुमट या चामडं ताणलेल्या मातीच्या वाद्यावर म्हटली जाणारी घुमट आरती अशी बसत नाही. ती ठाय, म्हणजे संथ, लयीत सुरू होते आणि शामेळाचा ताल, कासाळ्यांच्या झांजा यांच्यासोबत चढत जाते. ते चढणंच तर ऐकायचं असतं. कानात क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक, लावून म्हटलेली आरती शाळेच्या कवायतीसारखी होते. बैठकीच्या गाण्याची अडचण उलटी. अतिविलंबित एकतालात मिनिटाला पंधराएक मात्रा पडतात आणि एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरचा टेम्पो २०च्या खाली उतरतच नाही. दुपटीचा आकडा घालून भागवता येतं, पण कशाला? क्लिक बंद, तुकडे चौकटींना चिकटवणारा स्नॅप बंद, पट्टीवर मात्रांऐवजी मिनिटं-सेकंद. मग गाणारा मोकळा.

सूर दुरुस्त करणाऱ्या सोयीचंही तेच. ती जवळच्या बारापैकी एका स्वरावर आवाज ओढते. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे मुद्दाम हलता ठेवलेला, कोमल गंधार तिला चूक वाटतो.

म्हणून माझं उत्तर बहुधा रीपर. ६० दिवस वापरून बघता येतं, घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो, आणि जुन्या लॅपटॉपवरही ते कुरकुरत नाही. त्यात तयार वाद्यं जवळजवळ नाहीत. आपल्याकडे खरी आहेत. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकटच आहे. एकाच माइकवर भजन टिपायचं असेल तर ऑडॅसिटी पुरे.

नव्यातलं मला खरंच आवडलेलं म्हणजे मिसळलेलं ध्वनिमुद्रण वेगळं करणं. लॉजिक प्रोमध्ये ते २०२४च्या मे महिन्यात आलं तेव्हा चार वाटे करायचं: गळा, ड्रम, बेस आणि उरलेलं. जुन्या कॅसेटवर पेटीखाली दबलेला आवाज वर काढायला ही सोय कामाची आहे. डग्ग्याची घीस, म्हणजे तळवा घासून काढलेला नाद, ड्रममध्ये घालायची की बेसमध्ये, हे ठरवणाऱ्याने मात्र तबला ऐकला असेल असं वाटत नाही.

"माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतो" ही तक्रार सॉफ्टवेअर बदलून जात नाही. ४८ किलोहर्ट्झवर बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १०२४ नमुन्यांचा ठेवला तर तिथेच २१ मिलिसेकंद जातात. १२८ केला की तीनच्या आत. इंटरफेसवर, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवर, आवाज थेट कानात देणारं डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर प्रश्नच मिटला.

घुमटाला शक्य असेल तर दोन माइक द्या. एक चामड्याकडे, दुसरा मागच्या उघड्या तोंडाकडे, जरा लांब. तळव्याच्या उघडझापीने बदलणारा घुमार तिथूनच येतो. आवाज शिगेला असताना मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा, कारण शेवटच्या कडव्याला सगळे जोर काढणार. कौलांवरचा पाऊस नंतर काढू म्हणाल तर गळाही त्याच्यासोबत खरवडला जातो. पाऊस थांबेपर्यंत थांबा.

आणि चवथीच्या तोंडावर अपडेट करू नका. नवी आवृत्ती आणि जुन्या इंटरफेसचा ड्रायव्हर यांचं कधी बिनसेल सांगता येत नाही. आमचे बहुतेक गणपती दीड दिवसाचे; ड्रायव्हर शोधण्यात तेवढा वेळ सहज जातो.