काकूंचा व्हिडिओ

आज गुडघा बदललेल्या एका काकूंकडे फिजिओथेरपीसाठी गेले होते. "व्यायाम होतात ना?" या प्रश्नाला बहुतेक घरांत "हो, करतो की" हेच उत्तर मिळतं आणि गुडघा वाकवून बघितला की खरं काय ते कळतं. काकूंचा गुडघा आज ९० अंशांच्या पुढे वाकला! फार बरं वाटलं.

सूनबाईंनी मोबाइलवर गजर लावलेत, पण खरा उपयोग झाला तो व्हिडिओचा. काकूंचाच व्यायाम करतानाचा व्हिडिओ त्यांच्या फोनवर काढून दिला होता, माझ्या आवाजात: "टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबा, मांडी आवळा, पाच आकडे मोजा, सोडा." व्यायाम दाखवणाऱ्या ॲपमधल्या सडपातळ मुलीकडे बघून 'हे आपल्याला जमायचं नाही' असं त्यांना वाटायचं. स्वतःला करताना बघितलं आणि धीर आला.

आता कॅमेऱ्यावरून सांध्याचा कोन मोजणारी ॲप्सही आहेत. चांगलीच आहेत. पण दुखतंय म्हणून थांबलेल्या माणसाला 'आजचा व्यायाम बाकी आहे' एवढंच सांगून काय होणार? दुखतंय किती, सूज आहे का, हे विचारून माझ्यापर्यंत पोचवणारं साधन हवं. तोवर सूनबाई वहीतल्या नोंदींचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. परवा त्यात 'जिन्यानंतर सूज' दिसलं, म्हणून लगेच फोन करून जिना थांबवला.

आज सूज उतरलीय. उद्यापासून जिना पुन्हा सुरू: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. त्याचाही व्हिडिओ काढून दिलाय.