जीपला हब बसवले आणि पहिल्याच चिखलात विसरलो

दोन वर्षं नुस्त्या गप्पा मारत होतो, शेवटी यंदा पावसाच्या आधी जीपला मॅन्युअल लॉकिंग हब (पुढचं चाक शाफ्टला हातानं जोडायची-सोडवायची कळ) बसवले एकदाचे. गाडी आण्णांची जुनी महिंद्राची एमएम 540. हिच्या पुढच्या चाकांना साधे फ्लॅन्ज (चाक शाफ्टला कायम जोडून ठेवणारी चकती) होते, म्हणजे टू व्हील ड्राइव्हवर, नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर, पोवई नाक्यापर्यंत भाजी आणायला गेलं तरी पुढचे अॅक्सल शाफ्ट, डिफरन्शियल, प्रॉपेलर शाफ्ट सगळी वरात फुकट फिरत राहणार. हब फ्री केला की चाक एकटं फिरतं, बाकीचे गप; लॉक केला की चाक परत शाफ्टला जोडलं. अॅव्हरेज लई वाढतंय असं कोण सांगत असेल तर ऐकू नका, थोडाफार फरक पडतो, पण स्टेअरिंग हलकं झालं आणि साठच्या पुढं खालनं जी घरघर यायची ती गेली. हे हब 1948 साली अमेरिकेत आर्थर वॉर्न नावाच्या माणसानं काढले, महायुद्धातल्या जीपा रस्त्यावर नीट चालाव्यात म्हणून, आणि साताऱ्यात मी ते बसवतोय इतक्या वर्षांनी, असो.

काम तसं सोपं. जॅक, खाली घोडी, टोपी ठोकून काढायची, सर्कलिप (शाफ्टच्या टोकाची स्प्रिंगची कडी) काढायची, सहा बोल्ट. सर्कलिप उडून गोठ्यात गेली ती अर्धा तास शोधली. फ्लॅन्ज मात्र जाम हलेना. मी हातोडा घेतला तर एमआयडीसीतनं बोलावलेला मिस्त्री ओरडला, "आवं मालक, ठोकताय काय, दोन आट्याची भोकं दिल्यात की त्याला, बोल्ट घाला आन् दोन्हीकडनं सारखं आवळा." खरंच, फ्लॅन्ज आपोआप बाहेर. बरं, हब मागवायच्या आधी शाफ्टचे दात मोजा, मी मोजले नव्हते, पहिला जोड परत पाठवावा लागला.

मिस्त्री जेवायला गेला तेवढ्यात मी शहाणपणा केला, डाव्या हबात बेअरिंगचं ग्रीस गच्च भरलं. जास्त तेवढं चांगलं वाटलं ना!

जुलैत कासच्या पुढं बामणोलीकडं गेलो, एका शेताच्या वाटेवर गाडी बसली. फोर व्हील टाकलं, मागची चाकंच खड्डा खणतायत. लो (जास्त जोराचा हळू गिअर) टाकलं, अजून रेस दिली. शेजारचा मित्र शांतपणे म्हणतो, "हब लॉक केलास का?" बोंबला. हब फ्री असताना लोमध्ये सगळा जोर एकट्या मागच्या अॅक्सलवर जातो, शाफ्ट तुटला नाही हे नशीब. पोटरीएवढ्या चिखलात उतरलो, उजवा लगेच फिरला, डावा त्या ग्रीसमुळं फिरेचना. पान्यानं कसाबसा फिरवला, गाडी जरा मागंपुढं हलवली तेव्हा कुठं आत खट्ट झालं आणि जीप अशी बाहेर आली जशी काही झालंच नाही.

घरी येऊन तो हब खोलला, सगळं ग्रीस पुसलं, बोटानं पातळ हात फिरवला, आता दोन बोटांनी फिरतो.

आता पावसाळाभर दोन्ही हब लॉकच ठेवतो. टू व्हीलवर असताना हब लॉक राहिले तर काय बिघडत नाही, कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकायचं नाही एवढंच. हे आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग पैलं काय वाईट होतं?"