ग्रॅनाइट कापला कोणी?

इजिप्तच्या पिरॅमिडांमागे हरवलेले यंत्रयुग शोधणाऱ्यांची मी आता पूर्वीइतकी थट्टा करीत नाही, कारण त्यांचा मूळ प्रश्न रास्त आहे. खुफू राजाच्या काळी, म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, तिथल्या पाथरवटांच्या हाती लोखंडाची नव्हे, तर तांब्याची हत्यारे होती आणि तांबे ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी मऊ असते. मग ग्रॅनाइट कापला कसा?

या प्रश्नाला वजन आले ते ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्यामुळे. १८८० ते १८८२ या काळात गिझाची काटेकोर मोजणी करताना त्यांनी ग्रॅनाइटमध्ये नळीसारख्या सामत्याने, म्हणजे ड्रिलने, पाडलेली भोके आणि त्यांतून निघालेले दंडगोल गाभे अभ्यासले. एका गाभ्यावरच्या चऱ्यांवरून हत्यार दर फेऱ्याला सुमारे अडीच मिलिमीटर खोल उतरत असावे, असा अंदाज त्यांनी १८८३ मध्ये छापला आणि हत्याराच्या कडेला हिऱ्यासारखे कठीण खडे जडवलेले असावेत, असा तर्कही केला. जवळपास शंभर वर्षांनी क्रिस्तोफर डन या यंत्रकारागिराने याच आकड्याच्या आधारे श्रवणातीत ध्वनीवर चालणाऱ्या ड्रिलची कल्पना मांडली आणि पुढे तर खुफूचा पिरॅमिड हेच ऊर्जाकेंद्र असल्याचे सांगितले.

गंमत अशी, की याच पेट्रींनी करवतीच्या कापांच्या भिंतींवर हिरवे डाग आणि एका कापात अडकलेले तसेच हिरवे वाळूचे कण नोंदवून ठेवले आहेत, पण ही नोंद सहसा कोणी उद्धृत करीत नाही. तो हिरवा रंग तांबेयुक्त धातूचा, आणि दगड कापण्याचे खरे काम त्या वाळूचे. वाळूतील गारगोटीचे कण ग्रॅनाइटमधल्या गारगोटीइतकेच कठीण असतात. तांब्याची बिनदाती पट्टी किंवा नळी त्यांना फक्त दाबून फिरवते आणि दगडाबरोबर स्वतःही झिजत जाते. प्राचीन हत्यारांचे प्रयोग करणारे अभ्यासक डेनिस स्टॉक्स यांनी तांब्याच्या नळ्या आणि वाळू घेऊन ग्रॅनाइटमध्ये अशी भोके प्रत्यक्ष पाडून दाखवली. काम कमालीचे संथ होते, पण होते.

यासाठी तांबे मात्र बेसुमार लागणार, आणि तांब्याच्या खाणी सिनाईत. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे खुफूच्या काळातले बंदर सापडले असून सिनाईकडे जाणाऱ्या मोहिमा तिथूनच निघत. २०१३ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर तालेत यांच्या चमूला तिथेच मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची रोजनिशी मिळाली. तुरा येथील चुनखडीचे दगड होडीतून गिझाला नेल्याच्या फेऱ्या तीत दिवसवार लिहिल्या आहेत. ऊर्जाकेंद्राच्या सिद्धान्तात या मुकादमाला बसवायचे कुठे, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

देंदेरा येथील मंदिराच्या तळघरात कोरलेला ‘विजेचा दिवा’ मी बाजूला ठेवतो. कमळातून निघालेला साप पाहून बल्ब आठवणे, हा आपल्या काळाचा दोष आहे. वेरूळच्या कैलास लेण्याबद्दलही असेच व्हिडिओ फिरतात, तेव्हा भिंतींवरच्या टाकीच्या घावांकडे कॅमेरा फारसा वळत नाही.

मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो अस्वानच्या ग्रॅनाइट खाणीतला अपुरा ओबेलिस्क, म्हणजे एकसंध दगडाचा उंच स्तंभ. सुमारे ४२ मीटर लांबीचा आणि हजार टनांहून जड असा तो स्तंभ खडकातून अजून पुरता सुटलेलाही नाही. त्याच्या भोवतीच्या चरात कसलाही यंत्राचा काप नाही. डोलेराइट या कठीण खडकाचे गोटे आपटून आपटून पडलेले उथळ खळगे ओळीने दिसतात आणि ते गोटेही तिथेच सापडले आहेत. मधेच दगडाला तडा गेला, म्हणून काम सोडून देण्यात आले.