डिशमधली चूल

डिशच्या दुरुस्त्या करत मी गुहागर तालुका पालथा घालतो. तक्रारी ठरलेल्या: माडाची झावळी आडवी आली, माकडाने वायर ओढली, खाऱ्या हवेने नट गंजले. वेळणेश्वरच्या गुरुजींचा मार्चमधला फोन मात्र वेगळा होता. "चार दिवस अकराच्या सुमारास जरा वेळ चित्र जायचं. आज गेलं ते आलंच नाही."

पहिलं कोडं फोनवरच सुटलं. मार्चच्या मध्याला सूर्य काही दिवस नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो, त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. थोडं थांबायचं, बस. दुसऱ्यासाठी शिडी लावली. वर डिश ताटासारखी चकचकीत, आणि दांड्याच्या टोकावरची एलएनबीची, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीची, प्लास्टिकची टोपी मेणासारखी ओघळलेली. जळका वास येत होता.

"रंग कोणी मारला?"

"तूच म्हणालास ना, गंज धरलाय, एक हात मारून घ्या? पेटीचा चंदेरी उरला होता."

म्हणालो होतो खरा. कुठला रंग, ते सांगायचं राहिलं. डिशचा रंग बिनचमकीचा असतो तो उगाच नाही. चंदेरी डिश सिग्नलबरोबर ऊनही गोळा करून एलएनबीवर ओतते.

वितळलेली टोपी हातात घेताच गुरुजी खुलले. जन्मभर भूमिती शिकवलेला माणूस! "अरे, ही जागा म्हणजे फोकस. आपण नाभी म्हणतो. पण लॅटिनमध्ये फोकस म्हणजे काय, ठाऊक आहे? चूल!" केप्लरने 1604 साली प्रकाशावरच्या ग्रंथात हा शब्द भूमितीत आणला. भिंगाखाली कागद पेटतो ती जागा, चूलच की! फ्रेंचांचा विस्तवाचा शब्द त्यातूनच आला, आणि रात्री विस्तव झाकायच्या हुकमावरून कर्फ्यू. इतकी वर्षं मी त्या जागेला नुसतं 'दांड्याचं टोक' म्हणत होतो.

नवा एलएनबी लावून, डिश काचपेपरने घासून उतरलो तर गुरुजींनी पडवीत कोळशाने लंबवर्तुळ काढलेलं, आत दोन ठिपके. "ग्रह असे फिरतात. सूर्य या एका चुलीत."

काकू चहा घेऊन आल्या. "आणि ही दुसरी?"

"तिथे काही नाही. रिकामी."

"म्हणजे जाळ एकीतच. मग चुलीला जोडून बिनजाळाची वैल असते, तशी ही दुसरी वैल म्हणा की!"

गुरुजींनी कप खाली ठेवला आणि दुसऱ्या ठिपक्याशेजारी कोळशाने 'वै' लिहिलं.