कणकेतला निळा ठिपका

मंगळवारी दुपारी कणीक मळत होते तर त्यात निळं काहीतरी दिसलं, मोहरीएवढं. पिठाच्या पिशवीचा तुकडा असेल म्हणून नखाने काढायला गेले आणि ते पसरलं. मग ओळखलं, अरे हा तर आपला अल्ट्रामरीन, चित्रातल्या तांब्यामागच्या भिंतीला आठ दिवसांपूर्वी लावलेला.

तेवढी कणीक काढून टाकली आणि चोरी पकडायला निघावं तशी घरभर फिरले. फ्रिजच्या हँडलवर निळा, पंख्याच्या स्विचवर निळा, माझ्या मोबाइलच्या कव्हरवर तर बोटाच्या रेघांसकट निळा. ऑइल कलर चालू करून मला दीड महिना झाला आणि आतापर्यंत कॅनव्हासपेक्षा घराला जास्त लागलाय.

रंग आणायला इथे बडोद्यात रावपुऱ्यात गेले तेव्हा दुकानातल्या भाईंनी विचारलं, बेन, बाबा माटे? म्हणजे मुलासाठी का. म्हटलं, ना, मारे माटे, माझ्यासाठी. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या भाजीच्या पिशवीकडे बघितलं पण सल्ला मात्र खरा दिला, की पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्या, तोच आधी संपतो. संपलाच. काळा घेऊच नका म्हणाले, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळा, काळ्याच्या जवळपास जाईल, आणि गेलं हो, दुकानातल्या काळ्यापेक्षा जिवंत दिसतो तो. या ट्यूबचं पेटंट 1841 साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने घेतलं, त्याआधी चित्रकार रंग डुकराच्या मूत्राशयात भरून ठेवायचे, ही माहिती मी सासूबाईंना दिलेली नाही.

सासूबाईंना मुळात तेलाचंच आश्चर्य. बाटली हातात घेऊन झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, हे तर जवस आहे ग, ह्याची चटणी सोडून चित्रं काय काढतेस? खरंच की, आपली जवसाची चटणी, इथल्या मुखवासातली भाजलेली अळशी, तेच बी. पाण्याचा रंग पाणी उडून वाळतो, तसं ह्याचं नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन आतल्या आत घट्ट होत जातं. शेंगदाण्याचं तेल असं वाळत नाही, नाहीतर आपल्या कढयांमध्ये रविवर्मा झाला असता. आणि तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या स्वतःच गरम होऊन पेटू शकतात, म्हणून मी त्या गॅलरीत दोरीवर पसरून सुकवते. समोरच्या बेनना वाटतं माझ्या घरी सतत कुणीतरी आजारी आहे.

खाली पातळ, वर तेलाचा, असा नियम आहे. म्हणजे पहिला हात टर्पेन्टाइन घालून पातळ द्यायचा आणि वरच्या थरांत तेल वाढवत न्यायचं, उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात. नियम पाठ आहे. पण नियम पाळायला मधे थांबावं लागतं आणि थांबणं मला जन्मात जमलेलं नाही. व्हार्निश तर सहा महिने ते वर्षभराने. हे म्हणाले, तोवर कशाचं चित्र होतं ते लक्षात राहील ना?

टर्पेन्टाइनचा वास आला की मी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात जाते. दिवाळीच्या आधी दारांना हिरवा ऑइल पेंट लागायचा. रंगारी डालड्याच्या डब्यात टर्पेन्टाइन ओतायचा आणि सगळ्या वाड्याला तो वास यायचा, चकलीच्या भाजणीलासुद्धा. आजोबा पाटीवर खडूने लिहायचे, रंग ओला आहे, आणि ती पाटी दाराच्या कडीला सुतळीने टांगायचे. आता मला सांगा, सात वर्षांच्या मुलीला वाचता येतंय आणि समोर लिहिलंय रंग ओला आहे, तर ती खरंच ओला आहे का ते बघणार नाही का? मी बघितलं. अंगठ्याने. दादानेही बघितलं होतं पण त्याने करंगळीने, भित्रा पहिल्यापासून. त्याचा ठसा पुढच्या रंगाखाली बुजला, माझा खोल होता, दोन दिवाळ्या तरी टिकला. आजोबा येणाऱ्या जाणाऱ्यांना दाखवायचे, ही आमची इन्स्पेक्टर.

शाळेतून लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या म्युझियममध्ये रविवर्म्यांची चित्रं बघायला नेलं होतं तेव्हाही मला एकच गोष्ट हवी होती, त्या साडीच्या जरीला हात लावून बघायचा. सयाजीरावांनी पॅलेससाठी त्यांच्याकडून पुराणांतली 14 चित्रं करून घेतली होती, बाई सांगत होत्या, आणि मी दोरीपलीकडे किती वाकता येतं ते बघत होते. पहारेकऱ्याने नुसता घसा खाकरला. म्हणतात की रविवर्मा ऑइल शिकले ते त्रावणकोर दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन ह्या चित्रकाराला काम करताना बघून बघून. नुसतं बघून! हात मागे बांधून माणूस शिकू शकतो, हे मला आजही पटत नाही.

वाडा पडला त्याला पंधरा वर्षं झाली. दारं भंगारवाल्याने नेली, मी तिथे नव्हते.

तर निळा. हँडल, स्विच, मोबाइल सगळं माझंच, कबूल, कारण मी रोज सकाळी उठून चहाच्या आधी भिंतीला बोट लावते, वाळलाय का म्हणून. टर्पेन्टाइन लावलेलं फडकं घेऊन पुसत पुसत हॉलमध्ये आले तर टीपॉयवर सासूबाईंचा चष्मा होता आणि त्याच्या काडीवर, उजवीकडे, ताजा निळा.

मी चित्राशी जाऊन खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघितलं. भिंतीवर माझ्या बोटाच्या खुणा होत्या त्या होत्याच. तांब्याच्या गळ्यापाशी एक वेगळा ठसा होता, रुंद, मधे आडवी बारीक चीर असलेला. विळीने कापल्याची ती चीर त्यांच्या अंगठ्यावर माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे.

त्या आत झोपल्या होत्या. चष्मा पुसून होता तसा ठेवला आणि पोळ्या लाटायला गेले, कणीक सुकत चालली होती.