अंतर तेवढंच, मग विमानाने लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठ तास आणि येताना सात का?

लंडन ते न्यूयॉर्क किती लांब, हे शोधलं तर ५,५४०, ३,४४० आणि २,९९० असे तीन आकडे सापडतात. तिन्ही बरोबर. पहिला किलोमीटरचा, दुसरा मैलांचा, तिसरा सागरी मैलांचा (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी). एकक न बघता आकडा उचलला की पुढचा सगळा हिशेब गंडतो.

हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं असतं. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. लंडन-टोकियोचा दोरा सायबेरियावरून जातो. विमान त्याच वाटेने जाईल याची मात्र खात्री नाही. २०२२ पासून रशियाचं आकाश बऱ्याच कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे हेलसिंकी-टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला.

वेळेचा कच्चा अंदाज असा काढायचा: किलोमीटरला ८८० ने (विमानाचा ताशी वेग, किमीमध्ये) भागा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा, शिवाय धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याची वीस-पंचवीस मिनिटं. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, म्हणून हे शेवटचं विसरायचं नाही. लंडन-न्यूयॉर्कचे असे सव्वासात तास येतात. प्रत्यक्षात न्यूयॉर्कला जाताना आठ, परतताना सातच्या आसपास.

हा फरक वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वारा १०० धरला, तर पाठीवर वारा असताना जमिनीवरचा वेग १,००० होतो, समोरून असताना ८००. त्याच ५,५४० किलोमीटरला नुसत्या उडण्याचे एकीकडे ५ तास ३२ मिनिटं, दुसरीकडे ६ तास ५५. हिवाळ्यात हा वारा जास्त जोरात असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं! त्या भरवशावर पुढची गाडी धरायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जास्त घोळ घड्याळाचा. निघण्याची आणि पोचण्याची वेळ त्या-त्या गावची असते. समजा, सिंगापूरहून रात्री ११.३० ला निघालात आणि न्यूयॉर्कला पहाटे ५.१० ला उतरलात. पावणेसहा तास? छे. हिवाळ्यात दोन्हींत १३ तासांचा फरक असतो, तो मिळवला की खरे १८ तास ४० मिनिटं. दोन्ही वेळा आधी यूटीसीत (जगभरासाठीच्या एकाच प्रमाणवेळेत) बदलायच्या आणि मगच वजाबाकी करायची. तारखेजवळचं बारीकसं ‘+१’ही (म्हणजे पोचणं दुसऱ्या दिवशी) बघायचं.

मार्चमध्ये आणखी एक मेख. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्कचा फरक पाच नव्हे, चार तासांचा असतो.